अतिचंचल मूल, पालक आणि औषधाची निवड

(पालक-शिक्षक मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मी वैद्यक शाखेचा नाही. कला शाखेचा पदवीधर असून, शासनाकडील माहिती लोकांपर्यंत आणि लोकांच्या अडचणी शासनापर्यंत पोहोचविणे हे माझे नित्याचे काम आहे. तेव्हा कोणत्या मुलाला कोणते औषध द्यावे हे सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. तथापि, डॉक्टरांनी औषध लिहून दिल्यानंतर ते त्या मुलाला खऱ्या अर्थाने लागू पडेपर्यंत जो काळ जातो, त्या काळातील बरेचसे काम पालकांनी आणि शिक्षकांनी करावयाचे असते. या कामाची माहिती फारशी कोणी देत नाही. ती आज आपणापुढे ठेवावी एवढाच माझा हेतू आहे.

खोडकरपणा की विकार?

एका जागी न बसणारे, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देणारे, वही-पेन्सिल रोज हरवून येणारे मूल आपल्या प्रत्येकाच्या पाहण्यात आहे. बहुतेक मुलांच्या बाबतीत हा वयाचा गुण असतो आणि वयाबरोबर तो निवळतो. परंतु काही मुलांच्या बाबतीत ही चंचलता इतकी तीव्र असते, की त्यांचे शिक्षण, मैत्री आणि घरातील जीवन या सर्वांवर तिची छाया पडते. वैद्यकशास्त्र याला अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता यांचा विकार म्हणते. 'एडीएचडी' या अक्षरांनी तो आज सर्वत्र ओळखला जातो. जगातील निरनिराळ्या देशांत झालेल्या पाहण्या एकत्र केल्या असता, शाळकरी वयातील शंभर मुलांमागे सुमारे पाच मुलांना तो असतो असे दिसून येते. म्हणजे चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात असे एक-दोन विद्यार्थी असणे मुळीच नवलाचे नाही.

हा विकार संस्कार कमी पडल्यामुळे होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली लंडन येथे दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन करून ठेवले आहे. ती मुले चांगल्या घरांतीलही होती. सर्वच मुले धावतात-ओरडतात असेही नाही. काही मुले, विशेषतः मुली, शांत बसलेल्या असतात, परंतु त्यांचे लक्ष वर्गात नसते. त्या कोणाला त्रास देत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. वर्षअखेरीस प्रगतिपुस्तकावर 'लक्ष देत नाही' एवढा शेरा मात्र येतो.

निदान आधी, औषध नंतर

योग्य औषध शोधण्याची पहिली पायरी म्हणजे योग्य निदान. रक्ताच्या चाचणीने किंवा मेंदूच्या छायाचित्राने हा विकार ओळखता येत नाही. मुलाचा इतिहास, पालकांचे आणि शिक्षकांचे निवेदन, ठरावीक प्रश्नावल्या आणि प्रत्यक्ष तपासणी यांवरून तज्ज्ञ निर्णय घेतात. लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावीत, वयाच्या बारा वर्षांपूर्वी दिसू लागलेली असावीत आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत, असा दंडक आहे. केवळ शाळेतच त्रास होत असेल, तर कारण शाळेत शोधावे लागते. केवळ घरीच असेल, तर घरात.

याच वेळी दुसरी कारणे तपासून दूर सारावी लागतात. कानाने कमी ऐकू येणारे मूल दुर्लक्ष करते असे वाटते. ज्याला फळा दिसत नाही ते शेजाऱ्याच्या वहीत डोकावते. अपुरी झोप, रक्तक्षय किंवा कंठस्थ ग्रंथीचा दोष असला, तरीही लक्ष लागत नाही. फेफऱ्याचा एक प्रकार असा आहे, की त्यात मूल काही सेकंद शून्यात पाहते आणि पुन्हा काहीच घडले नसल्यासारखे वागू लागते. शिक्षकांना ते स्वप्नात हरवल्यासारखे वाटते. वाचन-लेखनातील अक्षमता तर या विकाराच्या जोडीनेही आढळते, आणि औषधाने लक्ष लागले तरी अक्षरे आपोआप जुळत नाहीत. त्यासाठी वेगळे अध्यापन लागते. हे सारे आधी पाहिले नाही, तर पुढे औषध निष्फळ ठरल्याचा बोल औषधावर येतो. खरी चूक निदानात असते.

औषधाचे कार्य

या विकारावरील औषधाचा शोध काहीसा योगायोगाने लागला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात मुलांच्या एका रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर काम करीत. तपासणीनंतर मुलांना होणाऱ्या डोकेदुखीवर उपाय म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखीवर त्याचा फारसा उपयोग झाला नाही; परंतु काही मुलांचे अभ्यासात आणि वागण्यात विलक्षण चित्त लागू लागले. तीस मुलांवरील हे निरीक्षण त्यांनी १९३७ साली प्रसिद्ध केले. पुढे १९४४ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ लिआंद्रो पॅनिझॉन यांनी मिथाइलफेनिडेट हे द्रव्य तयार केले. आज आपल्या देशात या विकारावर प्रामुख्याने वापरले जाणारे औषध तेच होय.

चंचल मुलाला उत्तेजक औषध देणे हे आगीत तेल ओतण्यासारखे आहे, अशी शंका साहजिकच मनात येते. परंतु हे औषध उत्तेजन देते ते मेंदूतील आवर घालणाऱ्या यंत्रणेला. डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या द्रव्यांचा प्रभाव त्यामुळे वाढतो आणि हातातील काम पुरे करण्याची, मनात आलेली कृती क्षणभर थांबविण्याची शक्ती मुलाला लाभते. साध्या गोळीचा परिणाम अर्ध्या ते एक तासात सुरू होतो व सुमारे चार तास टिकतो. सावकाश विरघळणाऱ्या दीर्घकालीन गोळीचा परिणाम, तिच्या प्रकारानुसार, आठ ते बारा तास राहतो.

येथे वयाचाही विचार करावा लागतो. सहा वर्षांखालील मुलांसाठी पहिला उपाय औषध हा नव्हे. पालकांना मुलाशी वागण्याच्या पद्धतीचे रीतसर प्रशिक्षण देणे हा होय. सहा वर्षांवरील मुलांनाही औषधाच्या जोडीला हे प्रशिक्षण आणि शाळेतील साहाय्य मिळाले पाहिजे.

मात्रा कशी ठरते?

पुष्कळ औषधांची मात्रा मुलाच्या वजनावरून ठरते, हे आपण जाणतो. मिथाइलफेनिडेटच्या बाबतीत मात्र वजनावरून अंदाज बांधता येत नाही. धष्टपुष्ट मुलाला अल्प मात्रा पुरते आणि किरकोळ अंगाच्या मुलाला अधिक लागते, असेही घडते. म्हणून डॉक्टर बहुधा पाच मिलिग्रॅमसारख्या अल्प मात्रेने प्रारंभ करतात आणि आठवड्या-आठवड्याने ती थोडी थोडी वाढवितात. लाभ सर्वाधिक आणि त्रास सर्वांत कमी, अशा ठिकाणी थांबावयाचे असते. ते ठिकाण प्रत्येक मुलाचे वेगळे. डॉक्टरांना मूल दहा-पंधरा मिनिटेच दिसते. बाकीचा सगळा दिवस ते पालकांच्या व शिक्षकांच्या डोळ्यांपुढे असते. त्यामुळे ते ठिकाण शोधण्याचे साधन म्हणजे आपली निरीक्षणे.

या निरीक्षणाचे मोल किती, हे अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून दिसून आले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५७९ मुलांवर चौदा महिने निरनिराळ्या पद्धतींनी उपचार करण्यात आले. एका गटाला काळजीपूर्वक मात्रा ठरवून, दरमहा तपासणी करून आणि शिक्षकांकडून माहिती मागवून औषध दिले गेले. दुसरा एक गट आपापल्या गावातील नेहमीच्या डॉक्टरांकडे उपचार घेत राहिला. या दुसऱ्या गटातील सुमारे दोन-तृतीयांश मुलांनाही औषध मिळतच होते, आणि बहुतेकांना ते तेच होते. तरीही पहिल्या गटातील मुलांची लक्षणे स्पष्टपणे अधिक कमी झाली. औषध एकच असताना फरक पडला तो मात्रा ठरविण्याच्या आणि पाठपुरावा करण्याच्या रीतीमुळे. ज्यांना औषधाबरोबर वर्तनविषयक साहाय्यही मिळाले, त्यांना औषध काहीशा कमी मात्रेत पुरले. काटेकोर उपचारांची ही व्यवस्था संपल्यानंतर, तिसऱ्या वर्षापर्यंत, गटांमधील फरक मात्र उरला नाही, हेही सांगितले पाहिजे. औषध एकदा लागू पडले म्हणजे काम संपले, असे समजता येत नाही.

एका घरातील अनुभव

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते, ते माझ्या भाच्याच्या उदाहरणाने सांगतो. तालुक्याच्या गावी राहणारा हा मुलगा त्या वेळी नऊ वर्षांचा होता. वर्गाबाहेर उभे राहणे त्याच्या इतके अंगवळणी पडले होते, की बाहेरच्या कट्ट्यावरील त्याची जागाही ठरून गेली होती. कान-डोळे तपासून, शाळेकडून प्रश्नावली भरून घेऊन निदान झाले आणि सकाळच्या एका लहानशा गोळीने उपचार सुरू झाले.

पहिल्या आठवड्यात काहीच फरक दिसला नाही. दुसऱ्या आठवड्यात मात्रा वाढली, तेव्हा वर्गशिक्षिकांनी कळविले, की पहिल्या तीन तासांचे फळ्यावरील लेखन तो आता पूर्ण करतो. पण डबा मात्र भरलेलाच परत येऊ लागला. तिसऱ्या आठवड्यात मात्रा आणखी वाढली. शाळेची तक्रार बंद झाली आणि घरातील सुरू झाली. मुलगा संध्याकाळी पाचच्या सुमारास लहानसहान कारणाने रडू लागे आणि दिवसभर गप्प राही. शाळा समाधानी होती. माझ्या आई मात्र म्हणाल्या, "शहाणा झाला म्हणता, पण पोर हसत नाही." औषध बंद करावे असा घरात विचार सुरू झाला.

माझ्या बहिणीने औषध बंद केले नाही आणि तसेच पुढेही रेटले नाही. तिने एक वही घातली होती. गोळीची वेळ, जेवण, झोप, शाळेचा निरोप, संध्याकाळची मनःस्थिती आणि दर रविवारी वजन एवढ्याच नोंदी तीत असत. ती वही डॉक्टरांपुढे ठेवताच प्रश्न सुटा झाला. गप्प राहणे हे मात्रा अधिक झाल्याचे लक्षण होते. पाच वाजताचे रडणे हे दुपारच्या गोळीचा परिणाम एकाएकी ओसरल्याचे लक्षण होते. भूक नसणे हा औषधाचा परिणाम होता, पण तो ठरावीक तासांपुरताच होता. डॉक्टरांनी मात्रा एक पायरी खाली आणली आणि दोन वेळच्या साध्या गोळीऐवजी सकाळी एकदाच घ्यावयाची दीर्घकालीन गोळी दिली. मधल्या सुट्टीत सर्वांदेखत गोळी घेण्याचा संकोचही त्यामुळे टळला. गोळीपूर्वी भाकरी-दूध आणि रात्री पुन्हा भरपेट जेवण, असा आहाराचा क्रम लावला.

हे सर्व बसावयास सुमारे अकरा आठवडे लागले. त्यानंतर मुलगा पहिल्या क्रमांकाने पास झाला, असे काही घडले नाही. त्याची गणिते पुरी होऊ लागली, वजन पुन्हा वाढू लागले, आणि क्रिकेटच्या खेळात आपली पाळी येईपर्यंत तो थांबू लागला, म्हणून मुले त्याला खेळावयास बोलावू लागली. आणि तो पूर्वीसारखा हसू लागला. आजीची कसोटी डॉक्टरांनाही मान्य होती. योग्य मात्रेत मूल तेच राहते, फक्त त्याला जे करावयाचे असते ते करता येऊ लागते.

औषध लागू पडले नाही तर?

मिथाइलफेनिडेटचा उपयोग दहांपैकी सुमारे सात मुलांना होतो. उरलेल्यांच्या बाबतीत निराश होण्याचे कारण नाही. ॲटोमॉक्सेटिन हे उत्तेजक वर्गात न मोडणारे औषध आहे; अमेरिकेत त्याला २००२ साली मान्यता मिळाली आणि ते आपल्याकडेही मिळते. त्याची मात्रा वजनावरून ठरते आणि परिणाम दिसण्यास चार ते सहा आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. ज्यांनी आधीच्या औषधाचा परिणाम त्याच दिवशी पाहिलेला असतो, ते दोन आठवड्यांत कंटाळून हे औषध सोडतात. तसे करू नये. मळमळ व सुस्ती हे त्याचे सामान्य त्रास होत. क्वचित मुलाच्या मनात स्वतःला इजा करण्याचे विचार येऊ शकतात. म्हणून पहिल्या काही महिन्यांत मुलाच्या बोलण्याकडे लक्ष ठेवून, तसे काही आढळताच डॉक्टरांना त्वरित कळवावे. क्लोनिडिन हे तिसरे औषध काही मुलांना देतात. त्याने रक्तदाब उतरतो आणि ते एकाएकी बंद करणे धोक्याचे असते.

उत्तेजक औषध सुरू करण्यापूर्वी मुलाला हृदयविकार असल्यास, किंवा कुटुंबात कोणाचा तरुणपणी आकस्मिक मृत्यू झाला असल्यास, ते न विचारताही डॉक्टरांना सांगावे. औषध चालू असताना नाडी, रक्तदाब, उंची व वजन यांची ठरावीक काळाने नोंद झाली पाहिजे, कारण उंचीची वाढ काही अंशी मंदावू शकते. एका वेळी एकच बदल करावा, हाही नियम पाळावा. औषध, शिकवणी आणि शाळा एकाच आठवड्यात बदलली, तर गुण कशाने आला आणि त्रास कशाने झाला, हे कोणालाच सांगता येणार नाही.

कायदा आणि उपलब्धता

मिथाइलफेनिडेट हे औषध कोणत्याही दुकानात सहज मिळत नाही, याचे कारण समजून घेतले पाहिजे. औषध नियम, १९४५ मधील 'एक्स' अनुसूचीत ते समाविष्ट आहे, आणि गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीच्या १९८५ च्या कायद्याचेही त्यावर नियंत्रण आहे. विशेष परवाना असलेल्या दुकानदारालाच ते विकता येते. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यांपैकी एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. लहान गावांतील दुकानदार हा व्याप घेत नाहीत, त्यामुळे पालकांना जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. माझ्या बहिणीचा अनुभवही तोच आहे. म्हणून गोळ्या संपण्यापूर्वी किमान दोन आठवडे आधी चिठ्ठी घ्यावी आणि दुकानात साठा आहे की नाही याची चौकशी करून मगच प्रवास करावा.

नियंत्रण आहे म्हणून हे औषध म्हणजे व्यसन, असा अर्थ कोणी काढू नये. डॉक्टरांनी ठरविलेल्या मात्रेत घेतल्यास पुढील आयुष्यात व्यसनाधीनता वाढते, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. मात्र त्याचा दुरुपयोग होऊ शकतो, हेही तितकेच खरे. गोळ्या कुलुपात ठेवाव्यात आणि मोजून द्याव्यात. परीक्षा जवळ आली म्हणून मात्रा वाढवू नये, आणि धाकट्या भावाचेही लक्ष लागत नाही म्हणून त्याला यातली अर्धी गोळी कदापि देऊ नये. दीर्घकालीन गोळी चावून अथवा कुटून घेतल्यास सावकाश विरघळण्याचा तिचा गुणच नाहीसा होतो, हेही लक्षात असावे.

शासकीय सोयी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमात अतिचंचलतेच्या विकाराचाही समावेश आहे. अंगणवाड्यांतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची वर्षातून एकदा तपासणी करण्याची योजना आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी शिक्षकांनी आपल्याला शंका असलेल्या मुलांची नावे स्वतःहून पुढे करावीत. रांगेतून जाणाऱ्या मुलाची चंचलता दोन मिनिटांत दिसतेच असे नाही. पुढील तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना असून, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गतही मार्गदर्शन मिळू शकते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीवरून विनामूल्य सल्ला उपलब्ध आहे.

शिक्षकांना माझी एक स्वतंत्र विनंती आहे. औषध घेणाऱ्या मुलाविषयी 'आज गोळी घेतली नाहीस का?' असा प्रश्न चारचौघांत विचारू नये. त्याऐवजी त्याला पहिल्या बाकावर बसवावे, लांब काम लहान तुकड्यांत द्यावे, आणि आठवड्यातून एकदा दोन ओळींचा अहवाल पालकांच्या हाती द्यावा. मात्रा वाढवावी की उतरवावी, हे त्या दोन ओळींवर अवलंबून असते.

पालकहो, पहिलेच औषध, पहिल्याच मात्रेत लागू पडणे हा भाग्याचा योग आहे. तो सर्वांच्या वाट्याला येत नाही. पहिल्या अपयशानंतर पुष्कळ कुटुंबे उपचार सोडून देतात आणि मूल पुन्हा वर्गाबाहेर उभे राहते. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे मूल असेल, त्यांनी आज घरी जाताना शंभर पानी एक वही घ्यावी आणि पहिल्या पानावर तारीख, वजन व उंची लिहून प्रारंभ करावा. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत ती वही आपल्याबरोबर असावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.